घोड्याचा वाटा

आमच्या गावात खोटं बोलणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. ‘बसरा सोडू नको’ म्हणतात. वही गाईनं खाल्ली असं एखादं पोरगं म्हणालं की मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सोडला बसरा!’ जिनिंगचा दलाल म्हणाला की उद्या नक्की गाडी पाठवतो, तर शेतकरी एकमेकांकडे बघून नुसतं ‘बसरा’ म्हणतात आणि तंबाखू मळायला घेतात. लग्न होऊन मी या गावात आले, इथल्याच शाळेत बदली करून घेतली, तेव्हा मला हा शब्द फार गमतीचा वाटला होता. घरी येऊन मी तो मोठ्यानं वापरला, तर नवऱ्यानं स्वयंपाकघराकडे बघत मला गप्प बसायची खूण केली. आत सासूबाई भाकरी थापत होत्या, आणि तो शब्द त्यांच्या वडलांवरून पडला होता.

सासूबाईंचं नाव मथुराबाई, माहेर आणि सासर दोन्ही याच गावातलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचे वडील श्रावण मुनेश्वर तरुणपणी काही वर्षं गावातून गायब होते. परत आले ते खोकला घेऊन, आणि मरेपर्यंत सांगत राहिले की मी मोठ्या लढाईत होतो, आगबोटीनं बसऱ्याला गेलो होतो, तिकडे खजुराची रानं आहेत, नदी आपल्या पैनगंगेच्या दुप्पट आहे, उन्हानं बंदूक हातात धरवत नाही. लोक विचारायचे, कागद कुठंय? नाही. पदकाचा बिल्ला? नाही. पेन्शन? नाही. पलटण कोणती, नंबर काय, असं खोदून विचारलं की म्हातारा उठून चालायला लागायचा. मग गावानं आपल्या सोयीचा अर्थ काढला. माणूस मेला, पण त्याची थाप म्हणून हा शब्द राहिला. आत्याबाईंनी तो जन्मभर ऐकला. पुढं तर त्यांचीच नातवंडं खेळताना तो वापरायला लागली.

२००६ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या भागात बाहेरून जी माणसं यायची ती एकच चौकशी करायची, की कोण मेलं आणि कापसापायी मेलं का. मंत्री आले, कॅमेरे आले, दिल्लीहून कुठली समिती आली. आमच्या सरपंच बेबीताई एकदा वैतागून म्हणाल्या, “या गावात मरणाशिवाय कोनी काही केलंच नाही का?” त्यातून निघालं की गावातून सैन्यात गेलेल्यांच्या नावांचा फलक पंचायतीसमोर लावायचा, सव्वीस जानेवारीला. कल्पना चांगली होती. बेबीताईंचे यजमान विठ्ठलराव पाटील यांनी ती लगेच उचलली आणि दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत नावं वाचून दाखवली. पहिलं नाव त्यांच्या आजोबांचं होतं, धावजी पाटील, पहिलं महायुद्ध.

आत्याबाई उठल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, पण भर सभेत आवाज खणखणीत.

“माह्या बापाचं नाव लिहा. श्रावण मुनेश्वर. तोही त्याच लढाईत होता.”

मागून कुणीतरी हळूच तो शब्द म्हणालं आणि सभा हसली. आमच्या मोहल्ल्यातले दोघेतिघेही हसले, ते मी नीट बघून ठेवलं. विठ्ठलराव तसे वाईट माणूस नाहीत, ते हसले नाहीत. म्हणाले, “मथुराबाई, पुरावा आना. पहिलं नाव तुमच्या बापाचं टाकतो.”

त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, “शीला, तू शिकलेली हायेस. माहा बाप खोटा होता का, तेवढं मले पाहून सांग. खोटा असंल तर खोटा म्हन. मी रडनार नाही. पन माह्या जीवात जीव हाये तवर पाह्य.”

माझा स्वभाव तापट आहे. शाळेत पोरं घाबरतात, घरात नवरा घाबरतो. पण तापट माणसाचा एक फायदा असतो, एकदा डोक्यात घेतलं की तो थकत नाही. मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, “जेवा. पाहते मी.”

दिग्रसला रामधन राठोड नावाचे निवृत्त हवालदार राहतात. सैनिकांच्या विधवांची कामं करून देतात, जुन्या पलटणींची त्यांना माहिती आहे. रविवारी त्यांच्याकडे गेले. कापसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, बस बाजाराच्या अलीकडेच सोडून चालत जावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमचा माणूस कोणत्या साली गेला?”

“घरात सांगतात की लढाई लागून दोन वर्षं झाली होती. म्हणजे सोळा साल.”

ते खुर्चीत मागं टेकले. “बाई, वाईट वाटून घेऊ नका. सोळा साली महारांची भरती बंद होती. इंग्रजांनीच बंद केलती, पंचवीसेक वर्षं आधी होऊन गेली होती ती गोष्ट. सतरा साली पुन्हा उघडली. सोळा साली तुमच्या माणसाले पलटणीत घेतलंच नसतं.”

मी म्हटलं, “मग ते खजुराच्या बागा कुठून सांगत होते? दिग्रसच्या बाजारातून?”

ते हसले. मग म्हणाले, “ज्याले बिल्ले भेटले त्याचं नाव बिल्ल्याच्या कडेवर ठोकलेलं असते. नंबरासकट. त्या लढाईचे दोन सोबत भेटत, एक पितळेसारखा, त्याच्यावर पंखवाली बाई. दुसरा चांदीचा, एका बाजूनं राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूनं घोडेस्वार. घोड्याच्या पायाखाली मुडद्याची कवटी. असा बिल्ला सापडला तर पाहा. नाही तर सोडून द्या.”

सोडून द्या म्हटलं की मला राग येतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ विठ्ठलरावांच्या घरी गेले. त्यांच्या बैठकीत काचेच्या चौकटीत एक बिल्ला लावलेला होता, पंखवाल्या बाईचा. चौकट मागून लाकडानं बंद केलेली, कड दिसायची सोय नव्हती. विठ्ठलरावांनी आनंदानं माहिती दिली. आजोबा धावजी सोळा साली गेले, एकोणीस साली आले, दोन बिल्ले डाकेनं घरी आले.

“दुसरा चांदीचा कुठंय?”

“हरपला असंल. माहे बाबा लहान होते तवाच. बाबा मानमोडीच्या साथीच्या सालचे ना, त्यायचं बालपण मोठं हालाचं. गावात रोज दहा-दहा मढे निघत, अन् आमच्या घरात पाळणा हालत होता. आजी सांगे, धावजी पाटील पोराले छातीशी धरून मळ्यात जाऊन राह्यला, ताप लागू नये म्हनून.”

ही गोष्ट ते कुणालाही सांगतात. मी मान हलवली, चहा घेतला आणि हात हलवत घरी आले. आत्याबाई ओट्यावर बसून होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्या उठून आत गेल्या. त्यांचं ते उठून जाणं मला फार लागलं.

मग चंपाषष्ठी आली. आम्ही बौद्ध, आमचा त्या सणाशी संबंध नाही, पण बेबीताईंच्या अंगणात बचत गटाची बैठक होती म्हणून मी आदल्या दिवशी तिथं गेले. बाकी बाया यायच्या होत्या. बेबीताई ओट्यावर बसून देव्हाऱ्यातले टाक चिंच लावून घासत होत्या. टाक म्हणजे देवाची चांदीच्या पत्र्यावरची मूर्ती. पाटलांकडे खंडोबाचं मोठं. एक एक टाक घासून त्या ताटात ठेवत होत्या, आणि त्यातला एक वाजला. पत्रा असा वाजत नाही.

“हा जड दिसते, ताई.”

“हा आमचा जुना खंडोबा. सगळ्यात पावरफुल. पाह्य ना, घोडा कसा उधळला. खाली मणी-मल्लाचं मुंडकं. अन् मांगं देवाचा मुखडा, दाढीमिशीवाला. दोन्ही बाजूनं देव असलेला टाक तुले पुऱ्या जिल्ह्यात भेटनार नाही.” आणि हात चिंचेनं भरलेले असल्यानं त्यांनी तो सहज माझ्या हातात दिला. “धर न जरा, मी पानी घेतो.”

माझ्या हातात इंग्लंडचा राजा होता. ऐंशीहून अधिक वर्षं हळद लावून लावून त्याचं नाक गुळगुळीत झालं होतं. घोड्यावरचा माणूस कोण, ते आता ओळखू येत नव्हतं, पण खालची कवटी होती. वर अडकवायचा दांडा होता तो कधीच तुटलेला. मला हसू येत होतं. मी पदरानं कड पुसली, भंडारा खरवडून काढला. अक्षरं निघाली. नंबर, सिपाही, आणि नाव.

धावजी पाटील.

खरं सांगते, तो टाक अंगणात भिरकावून द्यावासा वाटला. इतक्या दिवसांची पायपीट आणि शेवटी त्यांचाच देव, त्यांचाच बिल्ला, त्यांचंच नाव. घरी जाऊन आत्याबाईंना काय सांगायचं? सांगायचं की हो, खोटा होता?

बेबीताईंना मी तेव्हाच सांगितलं की हा देव नाही, हा तुमच्या आजेसासऱ्यांचा हरवलेला बिल्ला आहे. त्या आधी घाबरल्या, मग खुदकन हसल्या. “अगं बाई! मंग रोज सकाळी मी कोनाले फूल वाहून राह्यली?” पण दुसऱ्याच क्षणी त्या गंभीर झाल्या. “म्हनूनच याचा वाटा येगळा असंल का?”

“कसला वाटा?”

“घोड्याचा वाटा. उद्या रोडगे-भरताचा निवद दाखवला की पयलं ताट या घोड्यावाल्या देवाच्या नावानं काढाचं. घरातल्या मानसानं त्याच्या आधी घास घ्याचा नाही. आता गाईले देतो. पन वच्छलाबाई, माह्या सासूबाई सांगत, पयले ते ताट तुमच्या मोहल्ल्यात जाये. श्रावणच्या घरी. स्वतः धावजी पाटील नेऊन देये. दीक्षेनंतर तिकडून वापस आलं, तवापासून गाय.”

मी बैठक सोडून घरी आले. त्या काळचा पाटील, ज्याच्या विहिरीवर आमच्या माणसाची सावली चालत नव्हती, तो देवाचा पहिला नैवेद्य स्वतः हातानं महारवाड्यात नेऊन देतो. घरातली बायकापोरं उपाशी थांबतात. का?

आत्याबाईंना मी नाव सांगितलं नाही. फक्त ताटाचं विचारलं.

“येत होतं ना,” त्या म्हणाल्या. “माहा बाप त्याले हात लावत नव्हता. म्हने, मथुरे, तू खाय. अन् मी खाऊन होयेपर्यंत धावजी पाटील बाहेर उभा राहे. बसत नव्हता, बोलत नव्हता. ताट घेऊन जाये. छप्पन साली आमी दीक्षा घेतली, तवा बापानं सांगतलं, पाटील, आता आमी देवाचं खात नाही. तर पाटील रडला. मी पाह्यलं. मले वाटलं, ताट वापस केलं म्हनून रडला.”

रात्रभर विचार करायची गरज नव्हती, तिथंच चुलीसमोर मला कळलं. पण कळणं वेगळं आणि पुरावा वेगळा. मी पुन्हा रामधन राठोडांकडे गेले. ते म्हणाले, असं होत होतं. सरकारला माणसं हवी होती, साहेब गावोगाव फिरून पाटलाला म्हणायचे, तुझ्या घरचा जवान दे. कुणी द्यायचे, कुणी दुसऱ्याला आपलं नाव देऊन पाठवायचे. उघड झालं तर दोघांनाही तुरुंग. “अन् ज्या जातीले भरती बंद, त्याले तर पाटलाचं नाव म्हणजे दरवाजाच उघडला,” ते म्हणाले. “पण बाई, कडेवर नाव धावजीचं आहे. हे सिद्ध कसं करसान?”

मी विठ्ठलरावांसमोर जाऊन बसले. बेबीताईंनी तो बिल्ला आणून मध्ये ठेवला. मी सगळं सांगितलं. विठ्ठलरावांचा चेहरा लाल झाला.

“शीलाताई, तुमी उलटंच सांगून राह्यल्या. नाव आमचं, बिल्ला आमच्या देव्हाऱ्यात, अन् शिपाई तुमचा?”

“मग नैवेद्य आमच्या घरी कायले येत होता?”

“आजोबा दयाळू होते.”

“दयाळू होते तर विहिरीवर पाणी भरू द्यायचं होतं,” मी म्हटलं. “भरीत कशाला?”

ते उठून उभे राहिले. आता हाकलतात की काय असं मला वाटलं. तेवढ्यात बेबीताई चहाचे कप ठेवता ठेवता, वर न बघता म्हणाल्या, “तुमचे बाबा मानमोडीच्या सालचे ना?”

“हो. मंग?”

“मानमोडी कोन्त्या साली आली, शीला?”

“अठरा,” मी म्हटलं.

“अन् आजेसासरे बसऱ्याले कवा होते?”

“सोळा ते...” विठ्ठलराव म्हणाले, आणि थांबले. मी जमिनीकडे बघत राहिले. हे माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं, पण मी ते बोलणार नव्हते. तापट असले तरी कुणाच्या मेलेल्या आजीवर असं काही घेणं माझ्याच्यानं झालं नसतं.

बेबीताईंनी त्यांच्यासमोर कप सरकवला. “त्या माउलीले मी पाह्यलं नाही. पन या घरची सून म्हनून सांगतो, तिच्यावर हे येऊ देनार नाही. पोराले छातीशी धरून मळ्यात राह्यलेला धावजी पाटील खरा, का बसऱ्यातला खरा, हे तुमी ठरवा. दोन्ही होत नाही.”

विठ्ठलरावांनी बिल्ला उचलला, उजेडाकडे धरून कड वाचली, आणि हळूच म्हणाले, “ग्रामसभेत मी सांगतो. तुमी कोनी बोलू नका.”

जानेवारीतल्या त्या सभेला गर्दी होती, कारण कापसाच्या अनुदानाचाही विषय होता. विठ्ठलराव उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ते म्हणाले, “फलकावर पहिलं नाव माह्या आजोबाचं होतं. ते काढा. माहा आजोबा लढाईले गेलाच नाही. नवीन लग्न झालं होतं, भ्यायला असंल. त्याच्या नावावर श्रावण मुनेश्वर गेला. हा बिल्ला पाहा, याच्यावर नाव धावजी पाटील हाये. पन बसऱ्याले होता तो श्रावण.”

सभेत कुणी हसलं नाही. मी आत्याबाईंकडे बघितलं. मला वाटलं त्यांचा चेहरा उजळेल. इतकी वर्षं वाट पाहिलेला शब्द भर सभेत, पाटलाच्या तोंडून आला होता. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

विठ्ठलराव त्यांच्याकडे वळले. हात जोडलेले होते. “पन मथुराबाई, एक समजत नाही. लोक हसत होते, चिडवत होते, तरी तुमच्या बापानं कवाच काहून नाही सांगतलं? धावजी मेल्यावर तरी सांगाचं होतं. एकदा तरी.”

आत्याबाई उठायला लागल्या. मी आधार दिला. त्या सभेकडे बघत नव्हत्या.

“सांगतलं त्यानं,” त्या म्हणाल्या. “मरताना सांगतलं.”

कुणीतरी मागं पोराला गप्प केलं.

“ताप डोक्यात गेलता. खाटेवर ताठ झाला, हात मांडीशी सरळ धरले, अन् हजेरी देल्यावानी मोठ्यानं म्हने, ‘धावजी पाटील, हाजिर साब!’ पुन्हा म्हने, ‘धावजी पाटील, हाजिर साब!’ बाहेर आपली मानसं वंदना म्हनून राह्यली होती. दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झालती. मले वाटलं, जनमभर पाटलाच्या गोठ्यात राबला, अन् आता मरतानाबी पाटलाचंच नाव घेऊन राह्यला. मले लाज वाटली. लोक काय म्हनतीन? मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. असा. तो हात काढाले पाहे. मी काढू देला नाही.”

ग्रामसेवकानं यादीवरचं पहिलं नाव खोडलं होतं आणि पेन तसंच धरून तो बसला होता. बेबीताईंनी त्याला काहीतरी लिहायला सांगितलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. कसा ते दाखवायला आत्याबाईंनी हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता, आणि आता तो त्यांना खाली घेता येत नव्हता. मी माझ्या हातानं तो सोडवला.